घरच्या तलावाचा रोजमेळ

कल्याणहून निघून मुरबाड आणि सरळगाव मागे टाकले की माळशेजच्या वाटेवर टोकावडे लागते. तेथून पुढे वैशाखरे, आणि त्या परिसरातून नाणेघाटाची पायवाट चढू लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने खडकात खोदलेली पाण्याची टाकी दुर्लक्षित राहतात. तेथील एका लहानशा लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने 'पोढी', म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. घाट चढून दमलेल्या वाटसरूला पाणी मिळावे, एवढाच त्या दानाचा हेतू असणार.

आज त्याच रस्त्याच्या दुतर्फा शेतघरे उभी राहिली आहेत. कल्याण, भिवंडी, ठाणे, मुंबई येथील व्यापारी कुटुंबे शनिवार-रविवारी तेथे जातात आणि नातवंडांच्या हट्टाखातर अनेक घरांच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधला जातो. अलीकडे त्यात 'मिठाच्या पाण्याचा तलाव' हा प्रकार आला आहे. विकणारा सांगतो की यात क्लोरीन नाही, डोळे चुरचुरत नाहीत, वर्षातून एकदा मीठ टाकले की काम झाले. ऐकणाऱ्याला हा व्यवहार फार सोयीचा वाटतो. परंतु ज्या व्यवहारात काहीच लक्ष द्यावे लागत नाही असे सांगितले जाते, त्यातच अधिक लक्ष घालावे लागते, हे गादीवर बसलेल्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

विषय समजण्यासाठी एक घर कल्पावे. भिवंडीत कापडाचा व्यापार असलेले कुटुंब आहे. टोकावड्याजवळ दोन एकर जागा, छोटा बंगला आणि आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल असा तलाव. देखभाल महिन्याच्या ठरावीक रकमेवर एका माणसाकडे सोपवलेली. तो पंधरवड्यातून एकदा येतो, काहीतरी ओततो आणि जातो. उरलेले दिवस जागेवर राहणारा राखणदार आणि त्याची पत्नी सांभाळतात. वैशाखातल्या एका शनिवारी कुटुंब पोहोचते तो पाणी शेवाळी हिरवे झालेले. शेठ राखणदाराला विचारतात, तर तो दोन कॅन पुढे करतो आणि उलट विचारतो, "शेठ, यातलं कुठलं ओतायचं? मागच्या वेळी त्यांनी दोन्ही ओतलं होतं."

शेठजींपाशी उत्तर नसते. दुकानातल्या प्रत्येक ताग्याचा भाव त्यांना तोंडपाठ असतो. स्वतःच्या अंगणातल्या चाळीस हजार लिटर पाण्यात काय आहे हे मात्र ठाऊक नसते. शिकण्याची सुरुवात येथून व्हावी.

मीठ हे खेळते भांडवल

पहिली गोष्ट स्पष्ट व्हावी: मिठाचा तलाव हा क्लोरीनचाच तलाव असतो. फरक इतकाच की क्लोरीन बाहेरून विकत न आणता जागेवर तयार होते. पंपाच्या नळीवर एक यंत्र बसवलेले असते. त्यात टायटॅनियमच्या पट्ट्या असून त्यांवर रुथेनियम, इरिडियम अशा धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. मिठाचे पाणी या पट्ट्यांमधून जाताना विजेचा प्रवाह सोडला की मिठातील क्लोराइडपासून क्लोरीन बनते आणि ते पाण्यात मिसळून जंतू व शेवाळ नष्ट करणारे हायपोक्लोरस आम्ल तयार होते. आपले काम संपल्यावर, किंवा उन्हाने विघटन झाल्यावर, त्याचे पुन्हा क्लोराइड होते आणि फेरा नव्याने सुरू होतो.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर मीठ हे खेळते भांडवल आहे. ते फिरते, पण संपत नाही. पाण्याची वाफ होते तेव्हाही मीठ मागेच राहते. ते कमी होते ते पाणी बाहेर गेले तरच: उड्या मारताना उडालेले, गाळणी धुताना सोडलेले, गळतीचे किंवा पावसात काठावरून वाहिलेले. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पाण्यासोबत मीठही टाकण्याची जी सवय लागते, ती चुकीची आहे. अशा वेळी केवळ पाणी भरावे. मीठ मोजल्याखेरीज टाकू नये.

मिठाचे प्रमाण साधारणपणे लिटरला साडेतीन ग्रॅम ठेवतात. यंत्रानुसार ते तीन ते चार ग्रॅम असू शकते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तलावाचे पाणी समुद्राच्या दहाव्या हिश्श्याइतके खारट. माणसाच्या अश्रूंतही लिटरला सुमारे नऊ ग्रॅम मीठ असते. डोळ्यांना हे पाणी सौम्य वाटते ते यामुळे, क्लोरीन नसल्यामुळे नव्हे.

आता हिशेब. आठ गुणिले चार गुणिले सव्वा म्हणजे ४० घनमीटर, अर्थात ४०,००० लिटर. लिटरला साडेतीन ग्रॅमप्रमाणे १४० किलो मीठ लागते, म्हणजे पन्नास किलोची तीन पोतीदेखील पूर्ण लागत नाहीत. त्यातही विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात मुळात क्षार असतील तर तेवढे वजा करावे लागतात. मीठ शुद्ध, आयोडीन न घातलेले आणि मोकळे राहण्यासाठी पूड न मिसळलेले असावे. मिठागरातील कच्च्या मिठात माती आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते स्वस्त पडते, पण यंत्राच्या पट्ट्यांवर थर चढवते. तलावाचे प्लास्टर नवे असेल तर सुमारे महिनाभर मीठ टाकू नये. टाकताना यंत्र बंद आणि पंप चालू ठेवावा, मीठ पसरून टाकावे, ब्रशने हलवावे आणि पूर्ण विरघळण्यास एक दिवस द्यावा.

मोजल्याशिवाय नोंद नाही, नोंदीशिवाय ओतणे नाही

पाण्याची तपासणी करण्याचा संच लहान डब्यात मावतो. कोपरापर्यंत हात बुडवून, ज्या छिद्रातून गाळलेले पाणी परत येते त्यापासून दूर, नमुना घ्यावा. थेंब किंवा गोळी टाकली की रंग येतो आणि तो तक्त्याशी ताडून पाहायचा असतो. शाळेत शिकणारे नातवंड हे काम आनंदाने करते, आणि दहावीच्या रसायनशास्त्राचा धडा त्याला पुन्हा पाठ करावा लागत नाही.

मोजायच्या गोष्टी पाच. मुक्त क्लोरीन लिटरला दोन ते चार मिलिग्रॅम असावे. पीएच, म्हणजे शालेय पुस्तकातील सामू, ७.२ ते ७.६ असावा. पाण्याची आम्ल झेलण्याची शक्ती, जिला क्षारता म्हणतात, ती ८०च्या आसपास. कॅल्शियमची कठीणता २०० ते ४००. आणि उन्हापासून क्लोरीन राखणारे सायन्युरिक आम्ल, ज्याला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात, ते ५०च्या जवळ. यंत्राच्या पुस्तिकेत थोडे अधिक सांगितले असेल तर तेवढे. शेवटचे तीनही आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये आहेत.

या पाचांत पीएचचे महत्त्व सर्वाधिक. पीएच ७.२ असताना पाण्यातील क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ७.५ला तो निम्मा होतो आणि ८ला केवळ पावभर उरतो. म्हणजे तिजोरीत रक्कम दिसते, पण चलनात असते ती पावच. मिठाच्या यंत्राचा स्वभावच असा की तो पीएच हळूहळू वर चढवतो. 'यंत्र चालू आहे, तरी पाणी हिरवे' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. यंत्राचा दोष नसतो. पीएच कोणी पाहिलेला नसतो.

दुसरे कारण ऊन. चैत्र-वैशाखातील कडक उन्हात स्टॅबिलायझर नसेल तर क्लोरीनचा बहुतांश भाग दोन-तीन तासांत नाहीसा होतो. ४० घनमीटरला ५० मिलिग्रॅमप्रमाणे दोन किलो स्टॅबिलायझर पुरते. मात्र ते एकदा गेले की पाणी बदलल्याखेरीज बाहेर येत नाही, आणि जास्त झाले तर क्लोरीनच मंद करते. उधारीसारखेच हे आहे: देणे सोपे, परत काढणे कठीण.

यंत्र किती तास चालवावे, हाही त्रैराशिकाचा प्रश्न आहे. रोज लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडते असे धरले तर ४० घनमीटरला दिवसाला ८० ग्रॅम लागते. यंत्राची क्षमता तासाला १५ ग्रॅम असेल तर सव्वापाच ते साडेपाच तास झाले. पंप तासाला १०,००० लिटर फिरवत असेल तर संपूर्ण पाणी चार तासांत एकदा गाळणीतून जाते. म्हणून सहा ते आठ तासांची पाळी योग्य ठरते. वीज गेली तर ती पाळी पुढे ढकलावी, सोडून देऊ नये. पंप बंद पडला की यंत्र आपोआप बंद होईल असे प्रवाहदर्शक कळसूत्र असलेच पाहिजे. पाणी थांबलेले असताना पट्ट्यांत वीज वाहत राहिली तर हायड्रोजन वायू साठतो, आणि तो स्फोटक असतो.

एक परीक्षा तर अगदी रोकड मोजण्यासारखी आहे. सूर्यास्तानंतर यंत्र बंद करून क्लोरीन मोजावे आणि पहाटे ऊन येण्यापूर्वी पुन्हा मोजावे. रात्री ऊन नसते, पोहणारे नसतात, तरीही लिटरला एक मिलिग्रॅमहून अधिक घट आली तर पाण्यात शेवाळ किंवा सेंद्रिय मळ दडलेला आहे, पाणी कितीही निर्मळ दिसो. तसेच, तलावाला 'क्लोरीनचा उग्र वास' येतो तेव्हा क्लोरीन जास्त झाले असे लोक समजतात. वास्तविक तो वास घाम व मूत्राशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो. स्वच्छ पाण्याला तसा वास जवळजवळ नसतो. पोहण्यापूर्वी अंगावर दोन तांबे पाणी घेऊन उतरण्याचा नियम घरातल्यांनी पाळला तर रसायने वाचतात.

हे सारे एका वहीत उतरवावे. तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच, गाळणीवरचा दाब, पाण्याची पातळी, काय ओतले, किती ओतले आणि कोणी ओतले, एवढे रकाने पुरतात. घरातल्या सुनेने ही वही हाती घेतली तर ती उत्तम चालते, कारण स्वयंपाकघरात डोळ्यांचा अंदाज आणि मापाची शिस्त या दोन्ही गोष्टी तिने साधलेल्या असतात. महिनाभरात वहीच बोलू लागते. पीएच दर आठवड्याला साधारण किती चढतो, पाहुणे आले की क्लोरीन किती उतरते, पातळी नेहमीपेक्षा वेगाने खाली जाते म्हणजे गळती आहे का, हे त्या पानांवर दिसते. पंधरवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाला हे कधीच दिसू शकत नाही.

आम्लाची बाटली कोणाच्या हाती?

पीएच उतरवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. पाणी हिरवे झाले की द्रव क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ओततात. हेच ते दोन कॅन. ते बहुधा एकाच खोलीत, एकाच फळीवर, एकाच मगासह ठेवलेले असतात. या दोहोंचा एकमेकांशी संपर्क झाला की क्लोरीन वायू बाहेर पडतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे युद्धात शत्रूवर सोडला गेला तो हाच वायू. पंपाच्या कोंदट खोलीत तो घडवून आणण्यास शत्रूची गरज नसते. आदल्या वेळी न धुतलेला मग पुरतो.

त्या कल्पनेतल्या राखणदाराचा प्रश्न म्हणूनच साधा नव्हता. 'दोन्ही ओतलं होतं' या वाक्यात त्याचा जीव होता. शहरातली मंडळी आठवड्यातून दोन दिवस पाण्यात उतरतात. रसायनांशी गाठ पडते ती उरलेले पाच दिवस तेथे राहणाऱ्या माणसाची. त्याच्या हाती हातमोजे नसतात, डोळ्यांवर चष्मा नसतो, कॅनवरची इंग्रजी अक्षरे त्याला वाचता येत नाहीत. मालकाने स्वतः शिकावे याचे सर्वांत मोठे कारण पैशांची बचत हे नव्हे. जे काम आपल्याला समजत नाही ते दुसऱ्याच्या जिवावर सोपवू नये, हे ते कारण आहे.

नियम थोडे आणि कडक असावेत. आम्ल आणि क्लोरीन वेगवेगळ्या, हवेशीर, कुलूपबंद जागी राहावे. दोघांची मापे वेगळी आणि रंगाने ओळखता येतील अशी असावीत. पाण्यात आम्ल ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. एक रसायन टाकल्यावर दुसरे टाकण्यापूर्वी पंप चालू ठेवून काही तास जाऊ द्यावेत. निरनिराळ्या प्रकारची क्लोरीन पावडर आणि गोळ्या एकमेकांत मिसळू नयेत. त्यातून आग लागू शकते. आम्लाची मात्रा प्रथम पाव लिटर, चार तासांनी पुन्हा मोजणी, मग लागल्यास आणखी. कॅनवर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेले असावे. आणि आम्ल हाताळण्याचे काम घरातल्या शिकलेल्या व्यक्तीने स्वतः करावे. राखणदाराला शिकवायचे ते दाब वाचणे, पाने काढणे, पातळी पाहणे आणि वास आला की दूर होऊन दूरध्वनी करणे. हे जास्तीचे काम त्याने पत्करले तर त्याचा मोबदलाही वाढलेला असावा.

विजेबाबतही हेच. पंप आणि यंत्राच्या वायरिंगवर ३० मिलिअँपियरला प्रवाह तोडणारा सुरक्षा-खटका असावा, अर्थिंग वर्षातून एकदा तपासून घ्यावे. ते काम मात्र परवानाधारक वायरमनचेच. स्वतः शिकणे म्हणजे सर्व काही स्वतः करणे नव्हे. कोठे थांबावे हे कळणे हाही शिकण्याचाच भाग आहे.

लहान मुलांसाठी तलावाभोवती निदान सव्वा मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक असावे. बुडणारे मूल आरडाओरडा करत नाही. बहुधा ते शांतपणे पाण्याखाली जाते. 'सगळे होते तिथे' असे म्हणणाऱ्या घरांत कोणाचेच लक्ष नसते. म्हणून मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाची पाळी नावाने ठरलेली असावी आणि त्या वेळी त्याच्या हाती मोबाइल नसावा. तळाच्या जाळीचे झाकण निघालेले दिसले तर ते बसेपर्यंत तलाव बंद. पंपाची ओढ मुलाला धरून ठेवू शकते.

पाऊस आणि शेजारचे भात

टोकावड्याचा पाऊस घाटाच्या पायथ्याचा पाऊस आहे. ३२ चौरस मीटरच्या तलावावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ३,२०० लिटर पाणी वाढते. तलाव भरलेला असेल तर तेवढेच खारे पाणी काठावरून जाते आणि सोबत सुमारे अकरा किलो मीठ नेते. असा १,००० मिलिमीटर पाऊस थेट तलावात पडून वाहिला तर १४० किलोंपैकी निम्म्याहून अधिक, साधारण ७७ किलो, मीठ बाहेर पडते. मालकाच्या वहीत ते दीड पोते मिठाचे नुकसान म्हणून लिहिले जाईल. परंतु ते मीठ नाहीसे झालेले नसते. ते उताराने शेजारच्या खाचरात किंवा विहिरीकडे गेलेले असते. भात हे क्षाराच्या बाबतीत नाजूक पीक आहे; लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ असलेले पाणी त्याला सोसत नाही. मुसळधार पावसात ते पुष्कळ पातळ होते हे खरे. पण गाळणी धुतलेले पाणी उन्हाळाभर एकाच कोपऱ्यात सोडले तर त्या कोपऱ्यातील माती हळूहळू नापीक होते.

यावर उपाय आहेत. वैशाख संपताना मीठ वाढवू नये. पावसाळ्यात यंत्र बंद ठेवून बेताच्या मात्रेत द्रव क्लोरीनवर तलाव सांभाळावा. तलावावर भक्कम आच्छादन घालावे आणि त्यावर साठणारे गोडे पाणी छोट्या पंपाने वेगळे काढावे. ते शेतात सोडले तरी बाधत नाही. आपल्या घरांत चातुर्मासाला संयमाची जी सवय असते, ती येथे सोयीची पडते. त्या काळात तलाव पोहण्यासाठी बंद ठेवला तर काही बिघडत नाही. मात्र बंद म्हणजे विसरलेला नव्हे. पंप रोज फिरला नाही तर डास होतात. आणि भर पावसाळ्यात तलाव रिकामा करण्याचे धाडस कोणी करू नये. जमिनीखालचे पाणी वर दाबते आणि रिकामा हौद उचलला जाऊन तडकू शकतो.

वाळूची गाळणी धुताना दर वेळी तीन मिनिटांत सुमारे ५०० लिटर पाणी आणि पावणेदोन किलो मीठ वाहून जाते. म्हणून ती तारखेने न धुता दाबाने धुवावी. स्वच्छ गाळणीवर काटा जेथे असतो त्यापेक्षा तो चौरस इंचाला आठ ते दहा पौंडांनी चढला की धुण्याची वेळ झाली. नवीन बांधणाऱ्याने नळीने धुता येणारी कापडी पडद्याची गाळणी बसवली तर पाण्याची मोठी बचत होते. आणि जागेचा उतार थेट दुसऱ्याच्या खाचरात जात असेल तर मिठाचे यंत्र न बसवता साध्या क्लोरीनचा तलाव ठेवणे हाच सरळ व्यवहार होय. विक्रेता हे सांगणार नाही. आपल्यालाच ते समजले पाहिजे.

पाणी कोणाच्या खात्यातले?

शेवटचा हिशेब पाण्याचा आहे, आणि तो मिठाहून मोठा आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. पुढे भातसा आले. या धरणांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ग्रामीण घराला नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे हे जलजीवन मिशनचे माप आहे. वैशाखात तलावावरून दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडाले तर १९२ लिटर झाले, म्हणजे साडेतीन माणसांचे दिवसाचे पाणी. महिन्याचे पावणेसहा हजार लिटर. रिकामा तलाव नव्याने भरला तर ४०,००० लिटर, म्हणजे सातशेहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी. मे महिन्यात खासगी टँकर बोलावून हा हौद भरणाऱ्याने तो टँकर कोणत्या विहिरीवर भरला, हे एकदा विचारून पाहावे.

याचा अर्थ तलाव असूच नये असा नाही. त्याचे पाणी पावसाचे असावे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ऐंशी टक्के पाणी धरले, तरी ८०,००० लिटर मिळतात. तलावाच्या दुप्पट. भाद्रपद-आश्विनात तो भरून ठेवावा. पावसाचे पाणी मऊ असते, ते प्लास्टरमधील चुना खाते, म्हणून कठीणता मोजून कॅल्शियम वाढवावे लागते, इतकेच. वापर नसताना आच्छादन घातले तर वाफ बरीच थांबते. आणि पाणी नीट राखले तर ते वर्षानुवर्षे बदलावे लागत नाही. दुर्लक्षाने हिरवे झालेले पाणी सोडून देऊन नवे भरणे हीच खरी उधळपट्टी.

काही श्रावकांच्या मनात येथे आणखी एक प्रश्न उभा राहील. गाळून पाणी पिणाऱ्या आणि पाण्यालाच जीव मानणाऱ्या घराने असा तलाव ठेवावा का? त्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या व्रताप्रमाणे आणि गुरुजनांना विचारून ठरवावे. लेखणीने ते देणे योग्य नाही. एवढे मात्र म्हणता येते की भोगोपभोगाला परिमाण आणि अनर्थदंडापासून विरती या दोन्ही व्रतांना मोजमापाची अपेक्षा आहे. ज्याने कधी मोजलेच नाही, त्याला किती पुरे हे कसे कळणार? स्वच्छ राखलेल्या पाण्यात शेवाळ आणि जंतू वाढतच नाहीत, मग ते मारण्यासाठी मागाहून कॅन रिते करावे लागत नाहीत. सांडलेल्या पाण्याचे आणि ओतलेल्या विषाचे ओझे त्या प्रमाणात हलके होते.

त्या कल्पनेतल्या घराकडे शेवटी एकदा वळावे. वर्षभरात तेथे फार मोठे काही घडत नाही. वही भरत जाते. पहिल्या महिन्यात दोनदा पीएच चुकतो, एकदा मीठ अधिक पडते आणि यंत्र लाल दिवा दाखवते. पट्ट्यांवर पांढरा थर दिसतो. तो पातळ केलेल्या आम्लाने काढला जातो, चाकूने खरवडला जात नाही. अशा काळजीने तीन ते पाच वर्षे टिकणारी पट्टी आपले पूर्ण आयुष्य जगते. दुसऱ्या उन्हाळ्यात शेठजी शनिवारी पोहोचतात तेव्हा राखणदार कॅन पुढे करत नाही, वही पुढे करतो. तळाची जाळी स्पष्ट दिसत असते. नातू आधी अंगावर पाणी घेतो, मग उतरतो, आणि आजोबा काठावर बसतात. मोबाइल घरात ठेवलेला असतो.

गोविंददासाने पोढी दिली ती वाटसरूंसाठी होती. घरचा तलाव घरच्यांसाठी असतो, त्याची त्या दानाशी तुलना होऊ शकत नाही. तरीही टोकावड्याच्या रस्त्याने जाणाऱ्या व्यापाऱ्याने पाण्याची एक जबाबदारी ओळखावी. ते कोठून आले, त्यात काय मिसळले, ते कोणाच्या अंगणात गेले आणि ते राखताना कोणाच्या हाताला इजा झाली नाही ना, एवढ्या चार रकान्यांची उत्तरे ज्याच्या वहीत आहेत, त्याचा रोजमेळ जुळला असे समजावे.